विल्मा रुडॉल्फ : एका धावपटूची वाटचाल

१९६० सालचे रोम ऑलिंपिक भारतीय क्रीडारसिकांच्या स्मरणात राहिले आहे ते दोन हळहळींमुळे. ६ सप्टेंबरला चारशे मीटरच्या शर्यतीत मिल्खासिंग चौथा आला आणि पदक हातातोंडाशी येऊन निसटले. त्यानंतर तीनच दिवसांनी, १९२८ पासून अखंड आपल्याकडे असलेले हॉकीचे सुवर्णपदक पाकिस्तानकडून एका गोलाने हार पत्करून गमवावे लागले. या दोन दुःखांच्या आठवणीत एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. मिल्खासिंग ज्या मैदानावर धावला त्याच मैदानावर, त्याच आठवड्यात, वीस वर्षांची एक कृष्णवर्णीय अमेरिकन युवती तीन सुवर्णपदके जिंकत होती. आणि ऑलिंपिकला गेलेल्या भारताच्या पथकात त्या वर्षी एकही स्त्री नव्हती.

त्या युवतीचे नाव विल्मा रुडॉल्फ. तिची कथा प्रेरक चरित्रांच्या पुस्तकांतून आपल्याकडे बऱ्याच जणांनी वाचलेली असते. लहानपणी पोलिओ झाला, पायाला कॅलिपर आला, डॉक्टरांनी आशा सोडली आणि मुलीने जिद्दीच्या बळावर जग जिंकले, एवढ्यात ती आटोपते. ही कथा खोटी नाही. पण तिच्यात एकटी विल्मा आणि एकटी जिद्द एवढेच उरते, आणि मधली माणसे गळून पडतात. त्या माणसांत बहुतेक स्त्रिया होत्या. त्यांना वगळले तर विल्माचे चरित्र चमत्कारासारखे दिसू लागते, आणि चमत्कारापासून शिकण्यासारखे फारसे काही नसते.

विल्माचा जन्म २३ जून १९४० रोजी अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, क्लार्क्सव्हिल शहरालगतच्या सेंट बेथलेहेम या वस्तीत झाला. दिवस पूर्ण भरण्याआधीच ती जन्मली. वजन जेमतेम साडेचार पौंड, म्हणजे दोन किलोच्या आसपास. वडील एड रुडॉल्फ रेल्वेत हमाली करीत आणि जोडीला मिळेल ते काम करीत. आई ब्लँश गोऱ्या कुटुंबांत घरकामाला जाई. एड यांना दोन विवाहांपासून बावीस अपत्ये झाली. विल्मा त्यांतली विसावी. एवढ्या खटल्यात एका अशक्त मुलीकडे कोण लक्ष देणार, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात उलट घडले. घरात माणसे पुष्कळ होती म्हणूनच त्या मुलीचा पाय वाचला, असे तिचे चरित्र वाचताना वारंवार जाणवते.

न्यूमोनिया आणि स्कार्लेट फीव्हर यांतून ती वाचली, आणि चार-पाच वर्षांची असताना तिला पोलिओने गाठले. डाव्या पायातली शक्ती गेली. त्या काळच्या दक्षिण अमेरिकेत वर्णभेद हा कायद्याने घालून दिलेला नियम होता. शाळा, उपाहारगृहे, बसमधील आसने, पिण्याच्या पाण्याचे नळ, दवाखाने, सारे गोऱ्यांचे निराळे आणि काळ्यांचे निराळे. क्लार्क्सव्हिलमध्ये कृष्णवर्णीयांना अशा आजारावर उपचार मिळण्याची सोय नव्हती. त्यांच्यासाठी इस्पितळ होते ते सुमारे ऐंशी किलोमीटर दूर, नॅशव्हिल येथील मेहॅरी मेडिकल कॉलेजचे. कृष्णवर्णीय डॉक्टर घडविणाऱ्या अमेरिकेतील अगदी मोजक्या संस्थांपैकी ती एक.

सलग दोन वर्षे ब्लँश दर आठवड्याला कामावरून रजा घेऊन मुलीसह बसने नॅशव्हिलला जाई. बसमध्ये बसायचे ते मागच्या बाजूला. दिवस जाण्यायेण्यात आणि उपचारांत संपे. रजेच्या दिवसाची मजुरी बुडत असे, ती निराळीच. तेथील डॉक्टरांनी पाय चोळण्याची रीत ब्लँशला शिकवली आणि तिने ती घरी येऊन मोठ्या मुलामुलींना शिकवली. मग दिवसातून चार वेळा, पाळीपाळीने, घरातले कोणी ना कोणी विल्माचा पाय चोळीत बसे. हे एखाद-दोन महिने नव्हे, काही वर्षे चालले. विल्माच्या पायांचे कौतुक पुढे जगभर झाले. त्या पायांवर किती हातांची मेहनत होती याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर होता. इतर मुले खेळत आणि ही बाजूला बसून पाही. घरात वडीलधारे नसले की ती कॅलिपर काढून चालण्याचा प्रयत्न करी, आणि भावंडे दारावर पहारा ठेवीत. हळूहळू पायात जोर येत गेला. बाराव्या वर्षाच्या सुमारास कॅलिपर कायमचा सुटला आणि मायलेकींनी तो बांधून इस्पितळाला परत पाठवून दिला.

तेव्हापासून तिला पळायला दुसरे निमित्त लागले नाही. थोरली बहीण इव्हॉन बास्केटबॉल खेळे, म्हणून हिलाही बास्केटबॉल खेळायचा होता. शाळेचे नाव बर्ट हायस्कूल. अर्थात केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेली शाळा. तेथील प्रशिक्षक क्लिंटन ग्रे यांनी तिला आधी संघात घेतले ते नावापुरते. ही मुलगी सतत पायांत घुटमळते, कानाशी गुणगुणते, या अर्थाने त्यांनी तिचे नाव 'स्कीटर', म्हणजे डास, असे पाडले. ते नाव तिला जन्मभर चिकटले आणि तिलाही ते आवडत असे. पुढे या डासाने एका हंगामात ८०३ गुण नोंदवले. टेनेसी राज्यातील शालेय मुलींमध्ये तो विक्रम ठरला.

अशाच एका सामन्यात पंच म्हणून आलेल्या गृहस्थांचे लक्ष तिच्याकडे गेले. ते एड टेंपल. नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात ते समाजशास्त्र शिकवीत, विद्यापीठाच्या आवारातले टपालघर सांभाळीत आणि त्यासोबत मुलींच्या धावपटू संघाला प्रशिक्षण देत. 'टायगरबेल्स' या नावाने तो संघ ओळखला जाई. टेंपल यांनी विल्माला उन्हाळी शिबिरासाठी नॅशव्हिलला बोलावले.

त्या आधी घडलेला एक प्रसंग इथे सांगायलाच हवा, कारण प्रेरक कथांतून तो बहुधा वगळलेला असतो. शाळेच्या शर्यतींत सहज जिंकणारी विल्मा अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे एका मोठ्या स्पर्धेला गेली आणि भाग घेतलेली प्रत्येक शर्यत हरली. एकही नाही जिंकली. आजवर ती केवळ अंगच्या वेगावर धावत होती. सुरुवात कशी घ्यायची, श्वास कसा राखायचा, हात कसे हलवायचे, यातले तिला काहीच ठाऊक नव्हते. घरी परतल्यावर तिचे मन कशातच लागेना. वेग हा जन्मजात असतो पण शर्यत शिकावी लागते, हे तिला त्या पराभवाने दाखवून दिले, आणि म्हणूनच टेंपल यांचे बोलावणे आले तेव्हा ती शिकण्याच्या मनःस्थितीत होती.

शिबिरात तिला भेटली मे फॅग्ज. विल्माच्या आयुष्यात आदर्श म्हणावी अशी जी व्यक्ती, ती हीच.

मे फॅग्ज १९३२ साली जन्मलेली, विल्माहून आठ वर्षांनी मोठी. वाढली न्यूयॉर्कमध्ये. वयाच्या सोळाव्या वर्षी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावली आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे रिले शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. टेनेसी स्टेटच्या संघाला नाव मिळवून देणाऱ्यांत ती अग्रणी. अंगाने लहानखुरी. विल्मा मात्र तोवर उंच, सडपातळ, लांब ढांगांची झाली होती. पुढे तिची उंची पाच फूट अकरा इंच भरली. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की थोरली कोण आणि धाकटी कोण असा प्रश्न पडावा. पण शिबिरातल्या साऱ्या मुली मे हिला वडीलकीचा मान देत.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी अमेरिकेचा संघ निवडायचा होता. सोळा वर्षांच्या विल्माचे एक वैगुण्य मे हिने हेरले होते. सरावात ही मुलगी मैत्रिणींच्या फार पुढे जात नाही. जाता येत नाही म्हणून नव्हे. पुढे गेले तर त्या दुरावतील, आपल्याला गर्विष्ठ म्हणतील, या भीतीने ती स्वतःला आवरून धरते. मोठ्या कुटुंबात वाढलेल्या, आजवर बाजूला बसवल्या गेलेल्या आणि नुकताच कुठे घोळक्यात प्रवेश मिळालेल्या मुलीला तो घोळका गमवायचा नव्हता. मुलींच्या बाबतीत हे कोठेही घडते, आणि ज्यांनी मुलींना काही शिकवले आहे त्यांना ते सांगावे लागत नाही.

मे हिने तिला बाजूला घेऊन बजावले, की मैत्रीसाठी मागे राहायचे कारण नाही. संघात जागा हवी असेल तर मनातला हा संकोच टाकून द्यायला हवा. निवडीच्या दोनशे मीटरच्या शर्यतीपूर्वी तिने एवढेच सांगितले, की माझी पाठ सोडू नकोस. बंदुकीचा बार झाला. विल्मा तिच्या बरोबरीने वळण घेऊन आली आणि एका क्षणी चक्क तिच्या पुढे निघाली. आपण मे फॅग्जला मागे टाकले आहे हे लक्षात येताच ती दचकली आणि तिचा वेग किंचित ढळला. तेवढ्यात मे हिने तिला गाठले. दोघी जवळजवळ एकाच वेळी रेषेपार झाल्या आणि दोघींचीही निवड झाली.

आदर्श दूर कोठेतरी, भिंतीवरच्या छायाचित्रात असतात, अशी आपली समजूत असते. विल्माचा आदर्श तिच्या शेजारच्या पट्ट्यात धावत होता, आणि मला मागे टाक असे तिला आपणहून सांगत होता. स्वतः अजून स्पर्धेत असलेल्या, ज्याची जागा ही नवी मुलगी उद्या घेणार आहे अशा खेळाडूने हे सांगावे, यातले मोठेपण किती दुर्मीळ आहे हे खेळाच्या जगात वावरणाऱ्यांना ठाऊक असते.

मेलबर्नमध्ये विल्मा दोनशे मीटरच्या प्राथमिक फेरीतच बाद झाली. रिले शर्यतीत मे फॅग्ज, मार्गारेट मॅथ्यूज, विल्मा आणि इझाबेल डॅनियल्स या चौघींना कांस्यपदक मिळाले. चौघीही टेंपल यांच्या तालमीतल्या. मे हिचे ते तिसरे ऑलिंपिक होते, आणि शेवटचे. उरलेले दिवस विल्मा प्रेक्षकांत बसून ऑस्ट्रेलियाची अठरा वर्षांची बेटी कथबर्ट हिला पाहत राहिली. शंभर मीटर, दोनशे मीटर आणि रिले, अशी तीन सुवर्णपदके बेटीने घरच्या मैदानावर जिंकली. चार वर्षांनी आपणही हेच करायचे, असे विल्माने तेथे बसून ठरवले.

गावी परतल्यावर शाळेतल्या मुलांनी तिचे पदक हातोहात फिरवले. परत हाती आले तेव्हा त्यावर साऱ्यांच्या बोटांचे ठसे उमटलेले होते. विल्माने ते घासून लख्ख करायचा प्रयत्न केला, पण काशाला काही चकाकी येईना. तेव्हा तिला वाटले, सोन्याचे असते तर चकाकले असते. बालिश विचार खरा, पण सोळा वर्षांच्या मुलीला पुढच्या चार वर्षांसाठी तो पुरेसा होता.

ही चार वर्षे सरळ गेली नाहीत. शाळेच्या अखेरच्या वर्षी विल्मा गर्भवती असल्याचे वैद्यकीय तपासणीत आढळले. मुलाचा पिता तिचाच शाळासोबती रॉबर्ट एल्ड्रिज. १९५८ च्या जुलैमध्ये योलांडा हिचा जन्म झाला. विल्मा तेव्हा नुकती अठरा वर्षांची झाली होती. तिच्या धावण्यावर येथे पडदा पडणे अगदी सहज शक्य होते. टायगरबेल्सच्या संघात मूल असलेल्या मुलीला घ्यायचे नाही, असा टेंपल यांचा दंडक होता आणि ते आपल्या दंडकांच्या बाबतीत कडक म्हणून प्रसिद्ध होते. या एका बाबतीत त्यांनी तो बाजूला ठेवला. घरच्यांनी तान्ह्या मुलीची जबाबदारी घेतली आणि सप्टेंबरमध्ये विल्मा विद्यापीठात दाखल झाली. मूल सोडून राहणे तिला किती जड गेले असेल, याची कल्पना प्रत्येक वाचकाने आपापली करावी. तिची पदके मोजताना हा वियोगही जमेस धरला पाहिजे.

टायगरबेल्सचा सराव कसा चाले हे पाहिले म्हणजे आजच्या क्रीडा-प्रबोधिन्यांच्या युगात नवल वाटते. धावपट्टी धड बांधलेली नव्हती. तिच्यावरच्या रेषा टेंपल स्वतः आखीत. मुली विद्यापीठाच्या कचेऱ्यांत रोज काही वेळ काम करून शिक्षणाचा खर्च भागवीत. स्पर्धांना जायचे ते मोटारींतून; वाटेतल्या बहुसंख्य उपाहारगृहांत आणि शौचालयांत त्यांना मज्जाव, म्हणून डबे बरोबर न्यायचे आणि थांबायचे ते आडरस्त्याला. उन्हाळ्यात सराव पहाटे पाच वाजता सुरू होई आणि दिवसातून तीनदा होई. उशिरा येणाऱ्या मुलीने जितकी मिनिटे उशीर तितक्या फेऱ्या जादा माराव्यात, हा नियम. विल्मा एकदा अर्धा तास झोपून राहिली आणि तीस फेऱ्या मारून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधीच येऊन बसली होती.

१९६० च्या जुलैत कॉर्पस क्रिस्टी येथील राष्ट्रीय स्पर्धेत तिने दोनशे मीटरचे अंतर २२.९ सेकंदांत तोडले. तो विश्वविक्रम होता. ऑगस्टमध्ये अमेरिकेचा महिला संघ रोमला गेला तेव्हा त्याचे प्रशिक्षक म्हणून एड टेंपल यांचीच नेमणूक झालेली होती.

शंभर मीटरच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सरावाच्या हिरवळीवर एका खड्ड्यात पाय पडून तिचा घोटा मुरगळला. तो सुजला, तसाच बांधून ती धावली. उपांत्य फेरीत ११.३ सेकंदांत विश्वविक्रमाची बरोबरी केली, आणि २ सप्टेंबरच्या अंतिम फेरीत ११ सेकंदांत अंतर काटून ब्रिटनच्या डॉरोथी हायमनला पुष्कळ मागे टाकले. पाठीमागून वाहणारा वारा नियमाने मान्य असलेल्या मर्यादेहून अधिक होता म्हणून ही वेळ विक्रम म्हणून नोंदली गेली नाही. सुवर्णपदकाला अर्थातच बाधा आली नाही. ५ सप्टेंबरला दोनशे मीटरमध्ये वारा समोरून होता. वेळ २४ सेकंद, पदक सुवर्ण. बेटी कथबर्ट मात्र दुखापतीमुळे शंभर मीटरमध्ये लवकरच बाद झाली होती. जिला पाहून स्वप्न पाहिले तिच्याशी अंतिम फेरीत गाठ पडण्याचा योग विल्माला आला नाही.

उरली होती रिले. मार्था हडसन, ल्युसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स आणि विल्मा, चौघीही टेनेसी स्टेटच्या. उपांत्य फेरीत त्यांनी ४४.४ सेकंदांचा विश्वविक्रम केला. अंतिम शर्यतीत अखेरच्या बदलाच्या वेळी ल्युसिंडाच्या हातून बॅटन घेताना विल्माची पकड चुकली आणि ते पडता पडता राहिले. तिला जवळजवळ थांबून ते सावरावे लागले. तेवढ्यात जर्मनीची युटा हाइने पुढे निघून गेली होती. मग विल्माने जी धाव घेतली तिचे चित्रण आजही पाहायला मिळते. लांब ढांगा, वरचे अंग स्थिर, चेहऱ्यावर ताणाचा लवलेश नाही. तिने हाइनेला गाठले, मागे टाकले. ४४.५ सेकंद. एकाच ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या शर्यतींत तीन सुवर्णपदके मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री ठरली.

इटालियन वृत्तपत्रांनी तिला काळी हरिणी म्हटले, फ्रेंचांनी काळे मोती. कौतुकाची नावे होती, पण त्यांतही आधी रंग दिसला हे विसरता येत नाही. दूरदर्शनवरून मोठ्या प्रमाणावर दाखवले गेलेले ते पहिले उन्हाळी ऑलिंपिक असल्याने तिचा चेहरा युरोप-अमेरिकेत घरोघरी पोहोचला. त्यानंतरच्या युरोपच्या दौऱ्यात लोक तिला पाहायला एवढी गर्दी करीत की पोलिसांना ती आवरावी लागे.

आणि मग ती क्लार्क्सव्हिलला परतणार होती. या परतण्यात तिचे खरे मोठेपण दिसते. तेथे तिच्या स्वागताची मिरवणूक आणि मेजवानी ठरत होती. राज्याचे गव्हर्नर ब्यूफर्ड एलिंग्टन वर्णभेदाचा पुरस्कार करून निवडून आलेले होते, आणि गावाच्या रिवाजाप्रमाणे समारंभातही गोऱ्यांची व काळ्यांची व्यवस्था वेगळी असणार, हे गृहीतच होते. विल्माने कळवले की असा समारंभ झाला तर ती त्याला हजर राहणार नाही. वीस वर्षांची मुलगी, घर गरिबीचे, आईवडील त्याच गावात गोऱ्यांच्या हाताखाली राबणारे. नाही म्हणण्याची किंमत त्यांनाही मोजावी लागली असती. पण गावाला तिची गरज होती आणि गावाने तिचे ऐकले. ४ ऑक्टोबर १९६० रोजी निघालेली मिरवणूक आणि रात्रीची मेजवानी हे क्लार्क्सव्हिलच्या इतिहासातले दोन्ही वर्णांच्या लोकांनी मिळून केलेले पहिले सार्वजनिक समारंभ. मेजवानीला सुमारे अकराशे माणसे एका छताखाली जेवली. ज्या आईने लेकीसह बसच्या मागच्या बाकावरून नॅशव्हिलच्या खेपा केल्या, तिच्या हयातीतच हे घडले.

मेजवानी झाली म्हणून गाव बदलले असे मात्र नाही. उपाहारगृहांची दारे काळ्यांना बंदच राहिली. १९६३ च्या मे महिन्यात, पश्चिम आफ्रिकेचा सरकारी दौरा आटोपून आलेली विल्मा क्लार्क्सव्हिलमधल्या एका उपाहारगृहासमोर इतरांबरोबर निदर्शनांत उभी राहिली. तीन सुवर्णपदकांची मानकरी, व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींना भेटून आलेली, आणि स्वतःच्या गावात खुर्चीवर बसून जेवण मागता येत नाही अशी. त्यानंतर लवकरच तेथील महापौरांनी सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या झाल्याचे जाहीर केले.

दरम्यान तिची धावपळ संपलीही होती. १९ जुलै १९६१ रोजी श्टुटगार्ट येथे तिने शंभर मीटरचा ११.२ सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्याच वर्षी अमेरिकेतील सर्वोत्कृष्ट हौशी खेळाडूचा सलिव्हन पुरस्कार तिला मिळाला. १९६२ मध्ये स्टॅनफर्ड येथे सोव्हिएत रशियाविरुद्धच्या सामन्यात शंभर मीटर आणि रिले जिंकून तिने निवृत्ती जाहीर केली. वय अवघे बावीस. लोकांनी १९६४ च्या टोकियोची आठवण दिली. तिने विचार केला होता, की तेथे तीन पदके पुन्हा मिळाली नाहीत तर लोक अपयश म्हणतील, आणि मिळाली तरी अधिक काय मिळणार. त्या काळच्या हौशी खेळाडूंच्या नियमांनुसार धावण्यातून एक पैसाही घेता येत नसे, हेही येथे ध्यानात ठेवायला हवे. पुरुष मुष्टियोद्ध्याला व्यावसायिक होता येई. रोममध्ये तिच्याच बरोबर सुवर्णपदक मिळवलेला कॅशियस क्ले तसा झाला आणि मुहम्मद अली या नावाने अफाट कमावता झाला. धावणाऱ्या स्त्रीसाठी असा मार्ग नव्हता.

१९६३ मध्ये शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन विल्मा क्लार्क्सव्हिलला, ज्या शाळेत स्वतः शिकली तेथेच, शिक्षिका झाली. त्याच वर्षी तिने रॉबर्ट एल्ड्रिजशी विवाह केला. हा तिचा दुसरा विवाह. पहिला फार काळ टिकला नव्हता आणि हाही पुढे संपला. चार मुले, तुटपुंजे उत्पन्न, या शहरातून त्या शहरात नोकऱ्या, असे पुढचे कित्येक दिवस गेले. नाव जगभर आणि हाती पैसा नाही, ही स्थिती तिने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात लपवलेली नाही. त्या पुस्तकावर दूरदर्शनसाठी चित्रपटही निघाला. १९८१ मध्ये तिने स्वतःच्या नावाची संस्था काढली, ती गरीब वस्त्यांतल्या मुलामुलींना विनामूल्य प्रशिक्षण देण्यासाठी. आपल्या वाट्याला मे फॅग्ज आली, इतरांच्या वाट्याला कोणीतरी यायला हवे, हा त्यामागचा साधा हिशेब असावा.

टेनेसी स्टेटच्या धावपट्टीवर तो हिशेब आधीच पुढे चालू झाला होता. विल्मा नावारूपाला आली तेव्हा जॉर्जिया राज्यातून वायोमिया टायस नावाची पंधरा वर्षांची मुलगी टेंपल यांच्या शिबिरात आली. १९६४ मध्ये टोकियोला शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्यांत तिने विल्माच्या ११.२ सेकंदांची बरोबरी केली आणि सुवर्णपदक घेतले. १९६८ मध्ये मेक्सिकोत तिने ते राखले. ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचे सुवर्णपदक लागोपाठ दोनदा जिंकणारी, स्त्री-पुरुषांत मिळून, ती पहिली व्यक्ती. टेंपल यांच्या हाताखालून एकूण चाळीस ऑलिंपिक खेळाडू तयार झाले. अमेरिकेच्या दुसऱ्या एखाद्या स्त्रीने एका ऑलिंपिकमध्ये धावण्यातली तीन सुवर्णपदके मिळवायला मात्र चोवीस वर्षे लागली. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला व्हॅलरी ब्रिस्को-हुक्सने ती मिळवली.

मे फॅग्जचे नाव या साऱ्या गौरवात क्वचितच येते. ती सिनसिनाटी येथे शिक्षिका झाली, मुलींना धावायला शिकवीत राहिली आणि २००० साली वारली.

१९९४ हे वर्ष विल्मासाठी कठीण उगवले. त्या वर्षी आई ब्लँश गेली. जुलैमध्ये विल्माच्या मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले. १२ नोव्हेंबर १९९४ रोजी नॅशव्हिलजवळ ब्रेंटवुड येथील घरी तिचे निधन झाले. वय चोपन्न वर्षे. क्लार्क्सव्हिलमध्येच तिला पुरण्यात आले. आजाराच्या त्या अखेरच्या महिन्यांत ती टेनेसी स्टेटच्या मैदानावर येत असे. एड टेंपल तिच्या सोबत असत. दोघे त्या धावपट्टीवरून बोलत बोलत, सावकाश, फेऱ्या घालीत.